अडुळसा: कुणाच्या खोकल्याला द्यायचा आणि कुणाच्या नाही

प्रश्न असा आहे: "आमच्या कुंपणाला अडुळशाची आठ-दहा झुडपं आहेत. आजी होती तोवर घरात कुणीही खोकलं की त्याचाच काढा. आता माझी मुलगी सहा वर्षांची आहे, सर्दी झाल्यापासून आठवडाभर छातीत कफ वाजतो, पण सुटत नाही. वडील ७१ वर्षांचे, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत, त्यांना दोन महिन्यांपासून कोरडा खोकला आहे. पत्नीला पाचवा महिना लागलाय, मुलीचं बघून तिलाही खोकला सुरू झालाय. तिघांना अडुळसा दिला तर चालेल का? किती आणि कसा? आणि शेजारी म्हणतात तसं ही झुडपं काढून भिंत घालावी का?"

आधी नेमकं उत्तर देतो, मग कारणं. मुलीला द्या. वडिलांना देऊन फायदा होणार नाही, त्यांची आधी तपासणी हवी. पत्नीला अजिबात देऊ नका, एक चमचाही नको. झुडपं ठेवा.

एकाच घरातले तीन खोकले आणि तिघांना तीन वेगळी उत्तरं, हे बघून तुम्हाला वाटेल की वैद्य उगाच गुंता वाढवतोय. पण अडुळशाबद्दल लोकांचा मुख्य गैरसमज इथेच आहे. 'अडुळसा म्हणजे खोकल्याचं औषध' हे वाक्य अर्धंच खरं आहे. अडुळसा खोकला दाबत नाही. घट्ट बसलेला कफ तो पातळ करतो, सुटा करतो आणि मग खोकल्याला तो बाहेर काढता येतो. म्हणजे खोकला थांबतो तो त्याचं काम संपल्यामुळे. जिथे काढायला कफच नाही, तिथे अडुळसा देऊन काय मिळणार?

हे मी चुकूनच शिकलो. दवाखाना सुरू करून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. एक शिक्षिका आल्या, दिवसभर शिकवून घसा बसलेला, रात्री कोरडी ढास लागायची. मी मोठ्या विश्वासाने अडुळशाचा काढा लिहून दिला. चार दिवसांनी त्या परत आल्या त्या रागावूनच, कारण ढास वाढली होती आणि घसा सालपटल्यासारखा झाला होता. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या वैद्यांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "कफ कुठे आहे ते विचारलंस का तिला?" नव्हतं विचारलं. अडुळसा चवीला कडू आणि तुरट, गुणाने हलका आणि रूक्ष म्हणजे कोरडेपणा आणणारा, वीर्याने म्हणजे शरीरावरच्या परिणामाने थंड. कफ आणि पित्त दोन्ही कमी करतो, पण वाताच्या कोरड्या खोकल्यात नुसता दिला तर कोरड्यात आणखी कोरडं. त्या बाईंना जेष्ठमध आणि तुपाने बरं वाटलं. तेव्हापासून खोकल्याचा रुग्ण आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: काही पडतं का? कसं पडतं, पांढरं, पिवळं, चिकट, तारेसारखं? सकाळी जास्त की रात्री?

आता हे झुडूप नेमकं काय करतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण डोस आणि मनाई दोन्ही त्यातूनच कळतात.

संस्कृतात याला वासा, वासक, वृष, अटरूषक अशी नावं आहेत. सिंहास्य हेही एक नाव आहे, कारण फूल नीट पाहिलं तर दोन ओठांचं, आ वासलेल्या सिंहासारखं दिसतं. वनस्पतिशास्त्रातलं नाव जस्टिशिया अधाटोडा. हे 'अधाटोडा' दक्षिणेकडून आलं आहे: तमिळमध्ये आडु म्हणजे शेळी, आणि तोडा म्हणजे शिवत नाही. शेळीसुद्धा ज्याला तोंड लावत नाही ते झाड. १७५३ साली लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने नाव दिलं तेव्हा हा शब्द त्यात तसाच राहिला. कुंपणाला अडुळसा लावण्यामागेही हेच कारण आहे, गुरं ते खात नाहीत.

शेळी ज्या कडूपणाला भिते त्यातच औषध आहे. पानांमधलं मुख्य द्रव्य व्हॅसिसिन, एक अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत बनणारं तीव्र रसायन. १८८८ साली हूपर नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते प्रथम वेगळं केलं आणि 'वासिका'वरूनच त्याला नाव पडलं. हेच द्रव्य हरमल या दुसऱ्या वनस्पतीच्या बियांतही सापडतं. हवेशी संबंध आला की व्हॅसिसिनचं व्हॅसिसिनोन बनतं, आणि ही जोडगोळी श्वासनलिका सैल करणं, कफ पातळ करणं ही कामं करते.

पुढची गोष्ट तुमच्या घरातल्या औषधाच्या डब्यापर्यंत येते. व्हॅसिसिनच्या रेणूवर काम करत करत जर्मनीत ब्रोमहेक्झिन तयार झालं आणि १९६०च्या दशकात ते खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आलं. शरीरात गेल्यावर ब्रोमहेक्झिनपासून जे बनतं ते अँब्रॉक्सॉल, तेही पुढे स्वतंत्र औषध झालं. कफ सुटण्यासाठी डॉक्टर जी सिरप देतात त्यांच्या बाटल्यांवर ही दोन नावं सारखी दिसतात. म्हणून 'मी इंग्रजी औषध घेत नाही, फक्त अडुळसा घेतो' असं कुणी ताठ मानेने म्हणालं की मला गंमत वाटते. एकाच घराण्यातली माणसं ती. आणि याचा व्यवहारातला अर्थ असा की मुलीला डॉक्टरांनी ब्रोमहेक्झिन किंवा अँब्रॉक्सॉल असलेलं सिरप दिलेलं असेल तर त्यावर आणखी अडुळसा देऊ नका. एक काहीतरी द्या.

आता मुलीचं. 'छातीत वाजतं' असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी एक गोष्ट बघून घ्या. ती निजलेली असताना तिचा सदरा वर करून छाती आणि पोट बघा. श्वास घेताना बरगड्यांच्या मधली किंवा खालची जागा आत ओढली जाते का? एका मिनिटाला ३०पेक्षा जास्त श्वास होतायत का? श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो का? ताप पुन्हा चढलाय का? यातलं एक जरी असेल तर काढा बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा. त्यात उशीर नको. काही नसेल, मूल खेळतंय, खातंय, फक्त चिकट कफ घशाशी येऊन अडकतोय, तर अडुळशाचं क्षेत्र हेच.

पानं घेताना पक्की हिरवी घ्या. पार कोवळी नकोत आणि पिवळी पडलेलीही नकोत. पानं चोळून पाहिली की चहासारखा उग्र वास येतो. धुऊन, देठ काढून, बारीक चिरून घ्या. आता एक अडचण येते जी पहिल्यांदा करणाऱ्याला चक्रावून टाकते: पानं कितीही कुटा, पिळा, रस निघत नाही. पान जाड आणि रस थोडा, असं हे झाड आहे. मिक्सरमध्ये पाणी घालून फिरवलं तर हिरवं पाणी मिळतं, त्याला अडुळशाचा रस म्हणू नये.

जुन्या वैद्यांनी यासाठी पुटपाक काढला. पानं कुटून गोळा करायचा, तो वडाच्या किंवा जांभळाच्या पानांत गुंडाळायचा, वरून चिखलाचा दोन बोटं जाड लेप द्यायचा आणि गोवऱ्यांच्या आगीत भाजायचा. लेप लालबुंद झाला की बाहेर काढून फोडायचा, आतला गोळा गरम असतानाच फडक्यातून पिळायचा. आतल्या आत स्वतःच्याच वाफेत पान शिजलेलं असतं, म्हणून रस सुटतो. मी विद्यार्थ्यांकडून हे दरवर्षी करून घ्यायचो. निम्म्या जणांचा लेप आगीत तडकायचा आणि गोळ्यात राख शिरायची, पण ज्याचा जमायचा त्याला मूठभर पानांतूनही रस मिळायचा.

घरी एवढा उपद्व्याप नको. पानं इडलीपात्रात किंवा मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवा, मऊ झाली की खलबत्त्यात कुटा आणि स्वच्छ फडक्यातून पिळून घ्या. तत्त्व पुटपाकाचंच, फक्त चिखल आणि गोवऱ्या वगळल्या. मूठभर पानांतून दोन-तीन चमचे निघाला तरी पुष्कळ समजा. रस रोजचा रोज काढायचा. फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवस पुरवायचा नाही.

मोठ्या माणसाला या रसाचं प्रमाण १० ते २० मिलिलीटर, दिवसातून दोनदा. सहा वर्षांच्या मुलीला मी अर्धा चहाचा चमचा रस आणि तेवढाच मध, सकाळी आणि संध्याकाळी, असं सुरू करीन. रस कोमट झाल्यावरच मध घाला, उकळत्या द्रवात मध घालू नये असं आयुर्वेदाचं सांगणं आहे. पहिल्या दिवशी एकदाच देऊन बघा. मळमळलं तर प्रमाण जास्त झालं समजा, कारण अडुळसा जास्त पोटात गेला की उलटी आणि जुलाब होतात. तीन-चार दिवसांत कफ सैल व्हायला हवा. झाला की थांबवा, 'अजून आठवडाभर असू दे' नको. पाच दिवसांत काहीच फरक नाही तर औषध बदलायची वेळ आली, प्रमाण वाढवायची नव्हे.

रस काढणं जमत नसेल तर काढा करा. मोठ्या माणसासाठी पाच-सहा मध्यम पानं चिरून दोन कप पाण्यात मंद आचेवर अर्धा कप उरेपर्यंत आटवा, गाळा. झाकण ठेवू नका. काढा रसापेक्षा सौम्य असतो आणि भयंकर कडू लागतो. मुलांना त्याचा एखादा चमचा मधातून चाटवला तर पोटात जातो, पेला हातात दिला तर मोरीत.

आणि दोन वर्षांखालच्या बाळाला अडुळसा मुळीच देऊ नका, जरी शेजारपाजारच्या चार आज्यांनी सांगितलं तरी. कारण साधं आहे: पातळ झालेला कफ खोकून काढण्याइतकी ताकद आणि समज त्या वयात नसते, उलट छाती भरून येते. फ्रान्स आणि इटली या देशांनी २०१० साली कफ पातळ करणाऱ्या औषधांना दोन वर्षांखालच्या मुलांसाठी मनाई केली, ती याच विचाराने. शिवाय एक वर्षाच्या आत मधही चालत नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात.

आता पत्नीचा प्रश्न. इथे मी थोडा लांबण लावणार आहे, कारण 'झाडपाल्याचं औषध आहे, अपाय तर नाही ना' हे वाक्य या झाडाच्या बाबतीत धोक्याचं आहे.

चक्रदत्त या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात प्रसूती सुखाने व्हावी म्हणून अडुळशाच्या मुळाचा लेप बेंबीच्या खाली आणि ओटीपोटावर लावायला सांगितला आहे. म्हणजे हे झाड गर्भाशयावर काम करतं ही गोष्ट आपल्या वैद्यांच्या नजरेतून हजार वर्षांपूर्वीही सुटली नव्हती. १९७०च्या दशकात जम्मूच्या रिजनल रिसर्च लॅबोरेटरीत डॉ. सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हॅसिसिनवर बरंच काम केलं. व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावतं, हे त्यात स्पष्ट दिसलं. १९८० साली अटलांनी जे पुस्तक लिहिलं त्यात व्हॅसिसिनचा उल्लेखच कळा आणणारं आणि गर्भपात घडवणारं नवं द्रव्य असा आहे. खोकल्याच्या झाडातून प्रसूतीचं औषध मिळतंय का, हे ती मंडळी शोधत होती. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला जिथे गर्भाशय आकसायला हवं असतं तिथे असा गुण कामाचा. पाचव्या महिन्यात तोच गुण नको.

एक चमचा काढ्याने लगेच काही होईल असं मी म्हणत नाही. पण खोकल्याला इतके दुसरे उपाय असताना हा धोका घ्यायचा कशाला? तिला गरम पाण्याची वाफ, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, झोपताना उशी उंच, आणि खोकला आठवड्यापेक्षा जास्त टिकला किंवा ताप आला तर तिच्या प्रसूतितज्ज्ञांचा सल्ला. आणखी एक खबरदारी: घरात अडुळसा असलेली तयार सिरप असतात, बाटलीवर 'आयुर्वेदिक' लिहिलेलं असतं म्हणून ती कुणीही उचलून पितं. त्यात अडुळसा 'वासा' किंवा 'वासक' या नावाने लिहिलेला असतो. बाटली तिच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. ज्यांचं मूल व्हायचे प्रयत्न चालू आहेत त्यांनाही मी हेच सांगतो.

वडिलांचा खोकला मला सगळ्यात जास्त खटकला. दोन महिने, कोरडा, रक्तदाब आणि मधुमेह. दोन गोष्टी तपासायच्या.

पहिली, रक्तदाबाची गोळी. पाकिटावर मूळ औषधाचं नाव बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्याच्या शेवटी 'प्रिल' आहे का बघा: रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल. या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना घशात गुदगुल्या होऊन कोरडा, चिवट खोकला लागतो. गोळी सुरू झाल्यावर लगेच लागेलच असं नाही, काही महिन्यांनीही लागतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याकडे अशी माणसं वर्षाला चार-पाच तरी येतात. सहा सहा महिने सितोपलादी चूर्ण, काढे, लवंगा, सगळं करून झालेलं असतं. अशा खोकल्यावर अडुळसा, जेष्ठमध, कशाचाही उपयोग नाही. डॉक्टरांना सांगितलं की ते बहुधा 'सार्टन' गटातली गोळी देतात आणि खोकला साधारण एक ते चार आठवड्यांत जातो, काहींचा त्याहून जास्त वेळ घेतो. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. खोकल्यापेक्षा पक्षाघात वाईट.

दुसरी गोष्ट क्षयरोगाची. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, हा आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे आणि सरकारी केंद्रांत ही तपासणी मोफत होते. मधुमेही माणसाला क्षयाचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो. कोरडा खोकला असला आणि थुंकी पडत नसली तरी छातीचा एक्स-रे काढून घ्या.

इथे अडुळशाच्या कीर्तीबद्दल बोलायलाच हवं. संस्कृतात एक जुना श्लोक आहे, सगळ्या वैद्यांना तोंडपाठ. त्याचा आशय असा: अडुळसा जगात आहे आणि जगण्याची आशा आहे, तोवर रक्तपित्ताच्या (म्हणजे नाक, तोंड वगैरेंतून रक्त पडण्याच्या), क्षयाच्या आणि खोकल्याच्या रोग्याने खचायचं काय कारण? वाचताना छान वाटतं. पण हा श्लोक ज्या काळात रचला गेला त्या काळात क्षयाचा जंतू कुणी पाहिला नव्हता, कॉख या जर्मन डॉक्टरने तो दाखवला १८८२ मध्ये. त्या काळी थुंकीतून रक्त पडणाऱ्या माणसाला थंड, तुरट, कफ सोडवणारा अडुळसा देऊन जो आराम पडायचा तो वैद्याला मोठाच वाटणार. आज तोच श्लोक म्हणून क्षयाच्या रोग्याला काढ्यावर ठेवणं म्हणजे गुन्हा आहे. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा आजार आहे हा. अडुळशाने कफ सुटेल, खोकला हलका होईल आणि तेवढ्यात तपासणी महिनाभर पुढे ढकलली जाईल. माझ्या मते घरगुती अडुळशाने होणारं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे. थुंकीत रक्ताचा ठिपका जरी दिसला तरी आधी एक्स-रे, मग बाकीचं.

आणि तरीही क्षयाच्या औषधांशी अडुळशाचं एक नातं आहे, ते मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. वासावलेह म्हणजे अडुळशाचं चाटण करताना अडुळशाच्या रसात खडीसाखर, तूप, मध यांच्याबरोबर पिंपळी घालतात. पिंपळी का? ती स्वतः कफनाशक आहे म्हणून, एवढंच आम्हाला शिकवलं होतं. जम्मूच्या त्याच प्रयोगशाळेत अटलांना असं आढळलं की पिंपळीबरोबर दिल्यावर व्हॅसिसिन रक्तात जास्त प्रमाणात पोचतं. ही करामत पिंपळीतल्या पायपरिनची. १९७९च्या सुमारास ही कल्पना पुढे आली. पुढे रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधात पायपरिन मिसळून बघितलं गेलं. त्यातून रिसोरिन नावाची गोळी २००९ मध्ये भारतात आली, तिच्यात रिफाम्पिसिन नेहमीच्या ४५०ऐवजी २०० मिलिग्रॅम आहे. अवलेहाच्या कढईतली एक जुनी जोडी पाहून सुचलेली गोष्ट गोळीत उतरली. अडुळशाने क्षय बरा झाला नाही, पण त्याच्या सोबतिणीने क्षयाच्या औषधाला हात दिला.

पण याच कारणासाठी तुमच्या वडिलांना पिंपळी घातलेलं काहीही मनाने देऊ नका. पायपरिन इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफिलिन यांच्याबाबत ते दिसलेलं आहे. शिवाय वासावलेहात साखर आणि मध भरपूर, मधुमेह्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

रक्तस्रावावरचा अडुळशाचा उपयोग तुम्ही विचारला नाहीत, तरी थोडक्यात. उन्हाळ्यात नाकातून रक्त येणं, मूळव्याधीतून रक्त पडणं, यांत वैद्य अडुळशाचा रस खडीसाखरेबरोबर देतात. थंड आणि तुरट असल्याने तो तिथे शोभतो, आणि माझा अनुभवही चांगला आहे. फक्त कारण माहीत असायला हवं. चाळिशीनंतर शौचावाटे रक्त जात असेल आणि कुणी तपासलं नसेल, तर रस प्यायला घरी बसू नका.

बाकी उपयोग पुष्कळ लिहिलेले आहेत. खरजेवर कोवळी पानं आणि हळद गोमूत्रात वाटून लेप, सुजलेल्या सांध्यावर गरम पानांचा शेक, हिरड्या सुजल्या तर काढ्याच्या गुळण्या. गुळण्या आणि शेक करून बघायला हरकत नाही. खरजेला मात्र मी परमेथ्रिनचं मलमच सांगतो, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. दम्यासाठी सुकी पानं विडीसारखी वळून ओढायचीही पद्धत होती. धूर तो धूरच, तो नको. पानांनी किडे दूर राहतात म्हणून साठवलेल्या फळांत ती पसरत, भातखाचरात हिरवं खत म्हणून तुडवत. हा गुण मला औषधाइतकाच आवडतो.

तुमचं झुडूप अडुळसाच आहे ना, हेही एकदा पडताळा, कारण आजीने ओळखलेलं झाड आणि आज कुंपणाला असलेलं झाड एकच असेल असं नाही. अडुळशाची पानं समोरासमोर, जोडीने येतात. एक पान म्हणजे एकच पातं, १० ते २० सेंटीमीटर लांब, दोन्ही टोकांना निमुळतं, कडेला दाते नाहीत. पेऱ्याच्या जागा किंचित फुगीर. फुलं पांढरी, खालच्या ओठावर जांभळट रेघा, हिरव्या पानासारख्या आवरणांच्या दाट कणसात. बाजारात सुकी पानं घेतलीत तर त्यात महारुख या दुसऱ्याच झाडाची पानं मिसळलेली असू शकतात. एकदा एका गृहस्थांनी पिशवीभर 'अडुळसा' आणून दाखवला, कडेला मोठे दाते, वास घाणेरडा. महारुख होता. सुकवून चुरा केल्यावर मलाही ओळखता आला नसता, म्हणून कुंपण असलेल्या माणसाने चुरा विकत घेऊ नये. केरळात आणखी एक धाकटा अडुळसा आहे, लहान पानांचा, आणि तिकडचे वैद्य तोच पसंत करतात.

भिंत घालायचीच असेल तर दोन झुडपं तरी एका कोपऱ्यात हलवा. मोठं झुडूप उपटून लावू नका, जगत नाही. त्यापेक्षा पावसाच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्क्या फांदीचे वीतभर तुकडे तिरके कापून ओल्या मातीत खोचा, बरेचसे लागतात. उन्हात लावा. वर्षातून एकदा कंबरेएवढं छाटा, म्हणजे नवी पालवी हाताशी येते. फुलांवर मधमाश्या भरपूर येतात, म्हणून फुलोऱ्यात असताना छाटू नका.

मुलीला पहिला अर्धा चमचा उद्या सकाळी न्याहारीनंतर द्या. वडिलांच्या गोळीचं पाकीट मात्र आज रात्रीच काढून बघा.